हट्ट काढून टाकलेला बैल

मित्रांनो, मी एक म्हातारा, पायाने अधू झालेला बैल आहे. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथे रखमाच्या गोठ्यात मी दिवस काढतो. माझं नाव गुण्या. ते मला रखमाच्या नवऱ्याने, सहदेवाने ठेवलं. तोच माझा धनी होता.

माझा जन्म मात्र इथला नाही. महाडच्या बाहेर एका संस्थेची प्रयोगशाळा आहे. मी आईच्या पोटात रुजण्याआधीच तिथल्या माणसांनी माझी जनुकं बदलली आणि माझ्यातला हट्ट काढून टाकला. मला लाथ मारता येत नाही, अडून बसता येत नाही. माणसाने चल म्हटलं की माझे पाय चालू लागतात, मी काही ठरवायच्या आधीच.

मी वाडीत आलो तेव्हा केवढं कौतुक झालं! पोरं माझ्या पोटाखालून पलीकडे जात, शेपटीला लोंबकळत. सहदेवाला तर मला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं होतं. माझ्या जोडीला मोऱ्या होता. तो साध्या गावठी गाईचा. मनात नसलं की मानेवर जू घेऊ द्यायचा नाही. एकदा चिखलणी चालू असताना तो शेताच्या कडेला येऊन अडला. सहदेवाने चाबूक ओढला, शेपटी पिळली, तरी जागचा हलेना. मी आपला ओढतच होतो. शेवटी कंटाळून सहदेवाने औत सोडलं. दुपारी त्या कडेचा बांध मातीसकट खाली ओढ्यात गेला.

"त्याला कळलं व्हतं," रखमा म्हणाली.

"त्याला काय कळतंय? आळशी हाय मेला," सहदेव हसला. पण त्या संध्याकाळी त्याने मोऱ्यापुढे जास्तीची पेंड ठेवली.

पुढे संस्थेने आमच्या वाडीला 'शांत गाव' म्हणून निवडलं. पक्का रस्ता झाला, पाण्याची टाकी बांधली गेली. त्यासोबत नियमही आले. गावठी गुरं ठेवायची नाहीत, नाहीतर त्यांचा हट्टीपणा पुढच्या वासरांत उतरेल. ज्याच्या गोठ्यात असं जनावर दिसेल, त्याच्या घरचा नळ बंद. सभेत सगळ्यांनी हात वर केले. सहदेवानेही केला. मोऱ्याला टेम्पोत चढवताना त्याने मागचे पाय असे रोवले की चौघांना रेटावं लागलं. रखमा तेवढा वेळ घरातून बाहेर आली नाही. मोऱ्याच्या जागी माझ्यासारखाच, संस्थेचा एक बैल आला.

पुढच्या पावसाळ्यात आठवडाभर झड लागली होती. जरा उघडीप मिळाली तशी सहदेवाने आम्हाला वरच्या शेताकडे काढलं. चढणीवर माझ्या खुरांना जमीन वेगळीच लागली. आतून काहीतरी घरंगळत होतं. मित्रांनो, मला भीती वाटली नाही असं समजू नका. भीती माझ्या आत होती. तिला पायांपर्यंत जायची वाट तेवढी उरली नव्हती. जोडीदाराचेही कान थरथरत होते.

"चल रे गुण्या," सहदेव म्हणाला.

आम्ही दोघेही चाललो. आणि वरून दरड आली.

जोडीदार गाडला गेला. माझा पुढचा पाय मोडला. सहदेवासाठी अख्खी वाडी मातीत उतरली, पण तो जिवंत हाती लागला नाही.

सहदेवाचं दिवसकार्य झाल्यावर संस्थेच्या अनुपमा मॅडम आल्या. अंगणात माणसं जमली होती. "हा निसर्गाचा कोप आहे," त्या म्हणाल्या. "बैलाचा काहीच दोष नाही. उलट त्याने शेवटपर्यंत आज्ञा पाळली."

"मोऱ्या असता तर वर गेला नसता," रखमा म्हणाली.

"मावशी, असं बोलून लोकांना अस्वस्थ करू नका."

रखमाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. सगळ्यांच्या घरी टाकीचंच पाणी येत होतं.

रखमाचा मुलगा किशोर मुंबईत नोकरीला. पुढच्या गणपतीत तो बायकोला, दर्शनाला घेऊन आला. त्यांना मूल हवं होतं, आणि संस्था आता माणसांच्या बाळांसाठीही तेच करून देत होती. गोठ्याच्या दारात उभं राहून मायलेकांचं बोलणं झालं.

"आये, पोर रडणार नाय, हट्ट करणार नाय. टेन्शनच नाय. शाळेतपण अशाच पोरांना आधी अ‍ॅडमिशन देतात."

"ह्याच्याकडं बघ," रखमाने माझ्याकडे बोट केलं. "तुझा बाप ह्याच्यामागं गेला."

किशोरने शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. दर्शना हळूच म्हणाली, "आई, सगळ्यांची पोरं हो म्हणतात. आमचंच पोर तेवढं हट्टी निघालं, तर त्याला कोण जवळ करणार?"

ती दोघं महाडला जाऊन आली. मुलगी झाली. तेजश्री तिचं नाव. किशोर मुंबईला परतला, दर्शना लेकीला घेऊन वाडीतच राहिली. कधी रडण्याचा आवाज आला नाही. बायका म्हणायच्या, काय गुणाची गो पोर! तेच शब्द मी माझ्याबद्दल ऐकले होते.

पोर आता चालती-बोलती झाली आहे. परवाचीच गोष्ट. दर्शनाने तिला अंगणात उभं केलं, "इथंच थांब" म्हणाली आणि कामात विसरली. ऊन चढलं. पोरीचे तळवे भाजत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने पाय उचलला नाही. मी माझ्या दाव्याला ओढ देऊ शकलो नाही. रखमा रानातून आली तेव्हा तिने पोरीला उचललं आणि माझ्याजवळ सावलीत आणून बसवलं. बराच वेळ तिचे पाय पदराने पुसत राहिली. मग म्हणाली, "बाळा, म्हण, नाय."

"नाय," तेजश्री लगेच म्हणाली.

"अजून एकदा म्हण."

"नाय."

रखमाला आशा वाटली असावी. तिने हळूच विचारलं, "आता गप बसशील?"

तेजश्री 'नाय' म्हणाली नाही, गप्प बसली. रखमाने तोंड फिरवलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अडून बसलं, पाय आपटून नको म्हणालं, तर त्याच्यावर हात उगारू नका. आधी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, काय कळलं रे तुला?