सहा वर्षं न उठलेली लहर

मी एक जुना मॉड्युलेटर आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. ज्यांनी माझ्यावर परीक्षा दिल्या, त्यांनाही मी काय करतो ते ठाऊक नव्हतं. मग तुमचा काय दोष?

इंदूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शंकरराव नावाच्या सहायकांनी मला घडवलं. सागवानी पेटी, पितळी बटणं आणि आत त्यांनी स्वतः जोडलेल्या तारा. मुलांना माझ्यासमोर उभं करून ते विचारायचे, "बोल भिया, तुझा आवाज असाच्या असा हवेत सोडायचा, तर एरियल किती उंच लागेल?"

मुलं छताकडे बघायची.

"आवाजाची लहर शंभर शंभर किलोमीटर लांब. एरियल तिच्या पाव हिश्शाचं तरी हवं. म्हणजे इथल्या बडा गणपतीहून थेट सिमरोलपर्यंत जाईल, एवढा पंचवीस किलोमीटरचा खांब उभा कर! जमेल?"

मुलं हसायची. मग ते मला सुरू करायचे. मी एक भरभर थरथरणारी, जेमतेम तीनशे मीटरची वाहक लहर उठवायचो आणि आवाजाचे चढउतार तिच्या अंगावर चढवायचो. आता पाऊणशे मीटरचा खांब पुरे! शिवाय प्रत्येकाला निराळी वाहक लहर दिली, की दहाजण एकदम बोलले तरी ऐकणारा हवा तो आवाज निवडू शकतो. नाहीतर हवेत सगळ्यांचं नुसतं कालवण.

शंकरराव निवृत्त झाले आणि वर्षभरात माझी एक तार सुटली. वाहक लहर मेली. आवाज आत यायचा, पण त्याला बाहेर न्यायला कोणी नव्हतं. मला जोडलेल्या पडद्यावर सपाट रेघ.

कुणाला कळलं? छे! पुढची सहा वर्षं मुलं सिनियरच्या फाइलीतून माझी लहर छापत राहिली. आवाज लहरीवर किती खोल चढला, याचं सगळ्यांचं उत्तर साठ टक्के. एका हुशाराने तर तारीखसुद्धा सिनियरचीच उतरवली, आणि तिच्यावर सही मिळवली! खंडेनवमीला मला कुंकू लावायचे, झेंडू वाहायचे. जिवंत होतो तेव्हा कुणी पाकळी वाहिली नव्हती. मेल्यावर दरसाल हार. एवढे शिकलेले लोक, पण बटण दाबायला एक बोट मिळेना.

यंदा कस्तुरी आली. तिने बटण दाबलं, सपाट रेघ पाहिली आणि फाइलीत लिहिलं, "लहर आली नाही."

"पागल आहेस का यार?" शेजारचा अनीश म्हणाला. "आज सह्यांचा शेवटचा दिवस आहे. ही घे फाइल, दोन मिनिटांत छाप."

"दिसलंच नाही, तर काढू काय?"

"सगळ्यांना जे दिसतं ते!"

सह्या करणाऱ्या मधुरिमा मॅडमनी तिची फाइल परत ढकलली. "सगळ्यांची लहर आली, तुझीच कशी नाही? असं लिहिलंस तर सही नाही. आणि सही नाही, तर परीक्षा नाही."

कस्तुरीचे डोळे भरले. एक वर्ष जाणार होतं तिचं. तरी ती म्हणाली, "मॅडमजी, तुम्हीच एकदा लावून दाखवा ना."

मॅडम ताडकन उठल्या. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. प्लग हलवला. रेघ सपाटच.

"चार वर्षं झाली मला इथे," अखेर त्या हळूच म्हणाल्या. "मी याला कधी सुरूच केलं नाही गं."

मग त्यांनीच माझं झाकण उघडलं. आत शंकररावांच्या हातची चिठ्ठी होती: "वाहकाची तार सैल होते. दरसाल तपासणे." कस्तुरीने ती तार डाख देऊन जोडली. मला थोडा चटकाही बसला. बसू दे. पडद्यावर लहर उठली, फुगत, आक्रसत, अगदी पूर्वीसारखी. उत्तर आलं अठ्ठेचाळीस टक्के.

मॅडमनी "लहर आली नाही" लिहिलेल्या त्याच पानावर सही केली. मग उरलेल्या एकोणतीस फाइली उचलल्या आणि एकेक करून परत वाटल्या. त्या साऱ्यांत साठ टक्के होते.

अनीश माझ्यासमोर येऊन बसला आणि कुजबुजला, "कस्तुरी, कोणतं बटण आधी?" मी सहा वर्षांत इतकं शहाणं वाक्य ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, यंत्रं बिघडतात. त्यात आमची लाज नाही. आम्हांला नुसतं पुसून पुजू नका. चालवून बघा. बंद असलो, तर बंद आहे असं लिहा. तेवढं एक खरं वाक्य कुणी लिहिलं, तरच कुणीतरी झाकण उघडतं.