आरशाचे दोन बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. पुढे तिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. माझा रंग कधीकाळी गडद हिरवा होता, हे आता सांगावे लागते. आज माझ्या हौद्यात भोपळे रचून ठेवले आहेत आणि माझे इंजिन कुणी सुरू करत नाही. पण माझी कहाणी भोपळ्यांची नाही. ती दोन भावांची आहे.

१९५४ साली मी कारखान्यातून बाहेर पडलो आणि अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात वेंडेल होल्मस्टेडच्या शेतावर आलो. वेंडेल आणि त्याचा धाकटा भाऊ अर्विड मिळून मका पिकवायचे, वासरे पाळायचे. पहिल्या दिवशी अर्विडने माझ्या बॉनेटवर थाप मारली. "वेंडेल, तुझ्यापेक्षा देखणा आहे रे हा!" म्हणाला. असे कौतुक मला पुन्हा फारसे लाभले नाही.

मी खूप राबलो. बियाण्याची पोती, कुंपणाचे खांब, आजारी वासरे, सगळे वाहिले. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ उडून अंगाला चिकटते आणि लोखंड खाते. माझ्या बाबतीत ते आधी चालकाच्या बाजूच्या आरशात शिरले. आरशाचा दांडा दाराला दोन बोल्टांनी धरलेला होता. ते बोल्ट गंजले, दांडा सैल झाला, आणि खड्ड्यात चाक गेले की आरसा मान टाकू लागला.

वेंडेलने त्याला तार गुंडाळली.

त्याची बायको व्हर्ना एकदा केबिनमध्ये बसताना म्हणाली, "तारेवर किती दिवस काढणार? दोन बोल्टांचं काम आहे."

"करतो गं. मका निघू दे."

मका निघाला. पुढच्या वर्षीचाही निघाला. तार तशीच राहिली.

१९६६ च्या ऑक्टोबरात आम्ही गावातल्या पेंडीच्या दुकानी गेलो होतो. हौद्यात पोत्यांची थप्पी इतकी उंच होती की मागच्या काचेतून काहीच दिसत नव्हते. मला माल उतरवायच्या दगडी ओट्याला मागून लावायचे होते. अर्विड खाली उतरला आणि हात हलवत मागे उभा राहिला. वेंडेलने मला मागे घेतले. चाक एका खळग्यात आदळले, तार सुटली आणि आरसा खाली झुकला. वेंडेलला त्यात फक्त जमीन दिसत होती. तरी तो थांबला नाही.

मित्रांनो, मला थांबता येत नाही. मला थांबवावे लागते.

ओट्याच्या आणि माझ्या मधे अर्विडचा डावा पाय सापडला. पाय कापावा लागला नाही, पण गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. क्लच दाबता येईना, म्हणून गाडी चालवणेही सुटले. तो एकतीस वर्षांचा होता, आणि पुढच्या वसंतात त्याचे लग्न ठरले होते. ते झाले नाही.

लोकांनी विचारले तेव्हा वेंडेल म्हणाला, "तो नको तिथे उभा राहिला."

अर्विड काहीच बोलला नाही. बोल्टही कुणी बदलले नाहीत. वेंडेलने तो आरसा दाराला चपटा दाबून बांधून टाकला आणि पुढे त्याशिवायच मला चालवले. दर रविवारी तो अर्विडला त्याच्या घरून घेऊन चर्चला न्यायचा. वाटेत हवेबद्दल बोलणे व्हायचे, वासरांच्या भावाबद्दल व्हायचे. अर्विड पाय लांब करून बसायचा आणि काठी दाराला टेकवायचा. त्या केबिनमधली शांतता मी एकतीस वर्षे वाहिली. पोत्यांचे ओझे तिच्यापुढे काहीच नव्हते.

व्हर्ना गेली. मग वेंडेलला पोटाचा आजार निघाला आणि त्याने मला विकायचे ठरवले. ऑक्टोबरातल्या एका दुपारी अर्विड काठी टेकत गोठ्याशी आला. हातात कागदी पिशवी होती. तिच्यात नवा दांडा, दोन बोल्ट आणि रबरी वायसर होते.

"आता कशाला?" वेंडेल म्हणाला. "विकणारच आहे मी."

"मग विकताना तरी सरळ असू दे. पाना आण."

दोघे कामाला लागले. गंज सुटायचे तेल सोडले, तासभर वाट पाहिली. पहिला बोल्ट कुरकुरत निघाला. दुसऱ्याचे डोकेच तुटले, ते ड्रिलने पोखरून काढावे लागले. माझ्या दारातून लाल भुकटी गळत होती.

पाना हातात धरूनच वेंडेल म्हणाला, "अर्विड, त्या दिवशी आरसा पडलेला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. मागं उभा मीच होतो ना? आरशात तुझं तोंड दिसलं नाही मला. म्हणजे तुलाही मी दिसत नव्हतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." अर्विडचा आवाज चढला. "एकतीस वर्षं, वेंडेल! दर रविवारी वाटायचं, आज बोलेल. आणि तू मला हवा सांगायचास!"

वेंडेलने तोंड फिरवले. पाना खाली ठेवून म्हणाला, "माझं चुकलं."

अर्विडने 'असू दे' म्हटले नाही. तो म्हणाला, "ते वायसर दे इकडे."

नवा दांडा घट्ट बसला. वेंडेल केबिनमध्ये चढला. अर्विड लंगडत माझ्या मागे गेला, हौद्यापासून दहा पावलांवर उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

"दिसतोय का?"

वेंडेलने आरसा जरासा फिरवला.

"दिसतोस," तो म्हणाला.

जानेवारीत वेंडेल गेला. त्यांना नीट बोलायला जेमतेम तीन महिने मिळाले, आणि त्यातला बराचसा काळ इस्पितळात गेला. मला विकायचे राहूनच गेले, आणि अर्विडला गाडी चालवता येत नव्हती. त्याने मला हमरस्त्यावरच्या एका भाजीवाल्या बाईला देऊन टाकले. तिने मला दुकानापुढे उभे केले. येणारे जाणारे म्हणतात, "किती गोड ट्रक!" माझ्याजवळ फोटो काढतात, आरशात बघून केस सारखे करतात. माझा तळ गंजून गेला आहे. पावसाचे पाणी आत साठते, ते कुणी काढत नाही. बोल्ट तेवढे अजून घट्ट आहेत.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मीही सांगतो. सैल झालेले आजच आवळा. मका निघायची वाट पाहू नका. आणि तुमच्या हातून कुणाला दुखापत झाली असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्या दारी जा. तो कदाचित माफ करणार नाही. तरीही जा. तो वाट बघत बसला असेल.