सातवा साचा

फोरमनने प्लास्टरचा साचा दोन्ही हातांनी उचलला आणि नव्या मुलीच्या टेबलावर असा ठेवला, की तिच्या लोखंडी कानशी खणखणल्या.

"हा काय आपल्या पायांनी चालत माझ्या टेबलावर आला?"

शेजारी पट्टे शिवणारा मान खाली घालून हसला. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात हा विनोद जुनाच होता, पण फोरमनचा आवाज छपराला लागून परत येई आणि विनोद दुप्पट होई.

नवी, सगळे तिला हेच म्हणत, उठून उभी राहिली. "नाही सर. मी ठेवला."

"का?"

ती साच्याकडे बघत राहिली. उत्तर तिथेच कुठेतरी लिहिलेलं असावं आणि त्याने ते वाचावं, असं तिला वाटत असावं. फोरमनने थोडा वेळ वाट पाहिली. वाट पाहणं हा काही त्याचा गुण नव्हता.

"काम जमत नसेल तर तोंडाने सांग. इथे कुणी कुणाला खात नाही."

पट्टे शिवणाऱ्याचं याबाबत वेगळं मत होतं, पण त्याने ते सुईदोऱ्याजवळच ठेवलं.

नवीला येऊन तीन महिने होत आले होते. ती फार लांबून आली होती. इथली भाषा स्वच्छ बोलायची, पण थोडी बोलायची. काम साधं वाटणारं, आणि मुळीच साधं नसलेलं. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माप घेऊन कागदावर लिहीत. तो कागद समोर ठेवून फोरमन टेप लावी आणि कापून उरलेल्या पायाच्या साच्यावर जांभळ्या पेन्सिलीने खुणा करी. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचं टोक येतं, तिथे वर्तुळ. वर्तुळात प्लास्टरचा जादा थर चढवायचा, म्हणजे पायात तेवढी जागा सुटते आणि हाड घासत नाही. खुणा फोरमनच्या, थर नवीचा. सव्वीस वर्षं त्या खुणा दुसऱ्या कुणी केल्या नव्हत्या.

नवीचा हात सुरेख होता, हे त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. पण अधूनमधून एखादा साचा ती हातही न लावता त्याच्या टेबलावर परत आणून ठेवी. वर्तुळाची बाजू वर, खाली घडी केलेला स्वच्छ कपडा. ना चिठ्ठी, ना शब्द. फोरमन चरफडत तो साचा ओढून घेई, सवयीने खिडकीशी धरून पुन्हा टेप लावी, वर्तुळ थोडं सरकवी आणि स्वतःच थर चढवून टाकी. बरं झालं पुन्हा बघितलं, असं म्हणून तो स्वतःवर खूशही होई. असं सहा वेळा झालं.

हा सातवा. आणि तो संध्याकाळी पुन्हा त्याच्या टेबलावर होता. तसाच, कपड्यावर.

फोरमनचं डोकं फिरलं. त्याने टेपही लावली नाही. साचा थेट प्लास्टरवाल्याकडे दिला, "खुणेप्रमाणे थर दे, आजच," आणि तडक कारखाना चालवणाऱ्या मॅडमच्या खोलीत गेला. नवीला कायम करायचं की नाही, ते पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ठरायचं होतं.

"हात चांगला आहे," तो म्हणाला, "पण अंगचोर आहे. अवघड काम दिसलं की माझ्या गळ्यात घालते. मला नको."

मॅडमनी मान डोलावली. फोरमनचं नाही म्हणजे नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी पोस्टमन पाय बघायला आला. अपघातात पाय गेल्यापासून तो टपाल कचेरीत बसून शिक्के मारत होता आणि त्याला पुन्हा गल्लीबोळांतून हिंडायचं होतं. "बसून बसून माझंच पार्सल व्हायची वेळ आलीय," म्हणत त्याने नवा पाय चढवला, कठड्याच्या दोन दांड्या धरून उभा राहिला, चार पावलं टाकली आणि पाचव्याला त्याचं तोंड पांढरं पडलं.

फोरमनने खाली बसून पाय काढला. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाच्या टोकावर लालभडक वळ उठला होता. त्याने पायाच्या आत बोट घातलं. जागा सोडलेली होती. बोटभर खाली.

"पुढच्या आठवड्यात नवा देतो," तो म्हणाला. पोस्टमन हसला, पण मग रिकामी पाटलोण गुडघ्याखाली पुन्हा पिनेने टाचू लागला, आणि ते फोरमनला बघवलं नाही.

आत आल्यावर त्याने मापाचा कागद काढला. कागदावरचं माप बरोबर होतं. खूण चुकली होती, आणि खूण त्याची होती. कागद हातात घेऊन तो नवीच्या टेबलाशी गेला. ती आपल्या कानशी एका पिशवीत भरत होती. शुक्रवारी काय होणार हे तिच्या कानावर गेलं असावं.

"तुला दिसलं होतं?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पहिल्यांदाच थोडं आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. "दोनदा बोलले. साचा तुमच्यासमोर ठेवला."

"ठेवला म्हणजे बोललीस?"

"आमच्याकडे मोठ्या माणसाची चूक कुणी तोंडाने काढत नाही. वस्तू त्याच्यापुढे ठेवायची आणि बाजूला व्हायचं. त्याची त्याला सापडते. कुणाचा कमीपणा होत नाही." ती थांबली. "सहा वेळा तुम्हाला सापडली. मला वाटलं, तुम्हाला कळतंय."

फोरमन स्टुलावर बसला. ते सहा साचे त्याला एकेक करून आठवले, आणि प्रत्येक वेळी आपण स्वतःवर किती खूश झालो होतो, तेही. त्याला मनापासून लाज वाटली. अशा वेळी काय करायचं ते त्याच्या रीतीत पक्कं होतं. चूक झाली की चारचौघांत कबूल करायची, छपराला ऐकू जाईल अशी. तो उठला आणि त्याने श्वास भरला.

नवीने त्याच्या बाहीला धरलं. "नको सर. सगळ्यांसमोर नको."

"अगं, चूक माझी आहे. तुझं नाव होईल."

"अजून एक आहे." हे वाक्य तिला जड जात होतं, हे त्यालाही दिसलं. "तुमच्या रीतीने सांगते. सातही साच्यांवर रेघ ठाम आहे. चूक हाताची नाही. टेपवरचे आकडे तुम्हाला नीट दिसत नाहीत."

फोरमनने भरलेला श्वास हळूहळू सोडला. वर्षभरात त्याने दोनदा चष्मा बदलला होता. दुसऱ्यांदा डॉक्टर काय म्हणाले, ते घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"कधीपासून कळलंय तुला?"

"तिसऱ्या साच्यापासून."

स्टूल तिच्या जवळ ओढून तो वाकला आणि तिला जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "पोस्टमनचा पाय पहिल्यापासून करू. खुणा तू करायच्या. मी शेजारी बसून बोटांनी तपासत जाईन. मॅडमकडे मी आत्ताच जातो, आणि शुक्रवारचं काय ते नीट सांगतो. डोळ्यांचंही." त्याने खिशातली जांभळी पेन्सिल काढून तिच्यापुढे ठेवली. तिचे डोळे भरून आले.

पलीकडे पट्टे शिवणाऱ्याची सुई कातड्यात अर्धीच थांबली होती. फोरमनला इतक्या खालच्या आवाजात बोलताना त्याने सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तो प्लास्टरवाल्याकडे झुकला.

"गेली बिचारी," तो कुजबुजला. "इतकं तर तो माझ्यावरही कधी चिडला नव्हता."