नोरा काय म्हणाली

मधुकररावांनी रिमोटचं बटण पुन्हा दाबलं आणि टीव्हीच्या पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ आणखी दोन घरं पुढे सरकली. दारापाशी तांदूळ निवडत बसलेल्या मंदाबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

“आता ध्यान दे,” मधुकरराव रक्षाला म्हणाले. “ती त्याले काय सांगते, पाय.”

पडद्यावर शाळेच्या फाटकापाशी बर्फ पडत होता. नोरा नावाची मुलगी फाटकाला पाठ टेकून उभी होती आणि तिच्यासमोर ईथन होता. हा ईथन दुसऱ्या ग्रहावरून आलेला; दिसायला मात्र चारचौघांसारखा, वर्गात सगळ्यांबरोबर बाकावर बसणारा. त्या डोंगरातल्या गावात त्याचं गुपित एकट्या नोराला माहीत होतं. आता त्याला परत बोलावणं आलं होतं. नोराने मान हलवली आणि ती एकच वाक्य बोलली.

“ती म्हणते, मी तुझी वाट पाहीन,” मधुकररावांनी सांगितलं.

रक्षाचा वहीवरचा हात थांबला. तिला ऐकू आलं होतं ते ‘आय वोन्ट वेट’ असं. वाट पाहणार नाही. वोन्ट म्हणजे विल नॉट, हे मागच्या वर्षी याच खोलीत मधुकररावांनी तिच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे टक लावून बसले होते.

मधुकरराव वर्ध्याजवळच्या देवळीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. मुलगा योगेंद्र पुण्याला नोकरीत. त्यानेच आईवडिलांसाठी रंगीत टीव्ही आणून केबल लावून दिली होती. शेजारी कैलास यांचं घर, बसस्टँडजवळ त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. त्यांची रक्षा दहावीला इंग्रजीत कशीबशी पास झाली, तेव्हा मधुकररावांनी तिला संध्याकाळच्या ट्यूशनमध्ये घेतलं आणि वर रविवारी चार वाजता घरी यायला सांगितलं. “व्याकरण पुस्तकातून येते. पण भाषा कानावर पडली पायजे,” ते म्हणाले होते.

त्या वेळी केबलवर ही मालिका नुकती सुरू झाली होती. पहिलं पर्व रक्षाने पाहिलं ते मधुकररावांच्या तोंडूनच. एकेक वाक्य ते मराठीत सांगत, जसंच्या तसं, आणि जाहिराती लागल्या की त्यातलं एखादं वाक्य पकडून त्याचा काळ विचारत. गाळायचे ते फक्त एका ठिकाणी. नोरा आणि ईथन फारच जवळ आले की मधुकरराव चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागत. “इथं बोलणं काही नाई,” असं म्हणत आणि प्रसंग संपेपर्यंत काचा पुसत राहत. मंदाबाई तेवढा वेळ तोंडाला पदर लावून हसत.

मधे सहा-सात महिने गेले. दुसरं पर्व २००२च्या दसऱ्यानंतर सुरू झालं. रक्षा आता बारावीत होती.

‘वोन्ट’च्या त्या रविवारनंतर तिने वहीच्या पानाला मधोमध रेघ मारली. डावीकडे ती स्वतःला ऐकू आलेलं लिही, उजवीकडे सर सांगत ते. दिवाळी झाली तोवर दोन्हीकडे दोन वेगळ्या गोष्टी तयार झाल्या होत्या. डावीकडे करड्या कोटातला एक माणूस गावात आला होता; तो पोलिसातला होता आणि ईथनच्या मागावर होता. उजवीकडे तोच माणूस ईथनचा बाप होता. पोराला शोधत एवढ्या लांबून आलेला, पण ओळख द्यायला संकोचणारा.

मंदाबाईंना तो बाप फार आवडला होता. “बिचारा. थंडीत उभा राहून पाहून राह्यला पोराले,” त्या म्हणायच्या.

रक्षाला राग येऊ लागला. सर आपल्याला अजून दहावीतली समजतात, आपल्याला झेपेल असं काहीतरी गोड करून सांगतात, असं तिला वाटलं. एका रविवारी तिने पडद्याकडे पाहतच विचारलं.

“सर, तो माणूस पोलीस आहे ना?”

मधुकरराव काही बोलले नाहीत. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तेव्हाही ते पुढे बघत राहिले. रक्षाने वही मिटली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ती आली, तेव्हा मधुकरराव मोरीवर हातपाय धूत होते. दुसऱ्या बाजूच्या घरात तान्हं बाळ निजलं होतं म्हणून मंदाबाईंनी टीव्हीचा आवाज बराच कमी करून ठेवला. मधुकरराव येऊन खुर्चीत बसले. आवाज कमी झालाय, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. मालिका सुरू झाली आणि तेही नेहमीसारखे सांगू लागले. आज बाप पोराला पत्र लिहिणार होता.

अर्धा भाग झाला असेल आणि पडद्यावरचं चित्र गेलं. नुसता काळा पडदा. आवाज मात्र चालू होता, हळू पण अगदी स्वच्छ. नोरा तिच्या आईशी बोलत होती. तिला रडू येत होतं. आईने विचारलं, तो कुठला आहे, त्याचं घर कुठे आहे. नोरा म्हणाली, ते मला सांगता येत नाही. रक्षाला यातलं जवळजवळ सगळं समजलं आणि समजलं याचा आनंद होऊन ती वळून काही बोलणार, तोच मधुकरराव म्हणाले,

“घ्या. चित्रबी गेलं अन् आवाजबी गेला. उद्या त्या केबलवाल्या श्रावणले सांगतो.”

टीव्हीत नोराची आई अजून बोलत होती.

रक्षाने मंदाबाईंकडे पाहिलं. मंदाबाई तिच्याकडेच पाहत होत्या. त्या उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि त्यांनी तो बंद केला.

“हो ना,” त्या नवऱ्यासमोर जाऊन म्हणाल्या. “गेलंच सगळं. पुढच्या रविवारी पाहू.”

फाटकापर्यंत त्या रक्षाबरोबर आल्या. फाटकाची कडी धरून जरा वेळ उभ्या राहिल्या.

“उन्हाळ्यापासून आहे हे. तोंडाकडं पाहून बोललं की समजते त्यायले. नाई तर नाई.”

“डॉक्टरले नाई दाखवलं?”

“विषयच काढू देत नाई. मले माईत नाई, असं वाटते त्यायले.” मंदाबाईंनी पदराने कडी पुसली, जशी काही ती ओली होती. “तू कोणाले सांगजो नको, रक्षा. पोरं ट्यूशनले येतात म्हणून दिवस जाते त्यायचा.”

मग ट्यूशनमधल्या गोष्टी रक्षाच्या ध्यानात येऊ लागल्या. सर हल्ली प्रश्न विचारत नव्हते, नुसते सांगत होते. धडा वाचायला लावला तर वाचणाऱ्याच्या शेजारी उभे राहून पुस्तकातल्या ओळींवर बोट फिरवत. मागच्या बाकावरची काजल एकदा मुद्दाम भलतंच वाचत गेली. सगळे हसायला लागले आणि सर, काय झालं ते न कळून, त्यांच्याबरोबर थोडेसे हसले. रक्षा त्या दिवशी घरी जाईपर्यंत काजलशी बोलली नाही.

दोन दिवसांनी जेवताना कैलास म्हणाले, “लोक म्हणून राह्यले, मधुकर सरचं आता शिकवण्यात ध्यान नाई. तुले वर्ध्याले क्लास लावून देऊ काय? बारावीचं वर्ष आहे.”

“नाई, बाबा. सर चांगलं शिकवतात,” रक्षा म्हणाली आणि भाताकडे पाहत राहिली.

पुढच्या रविवारी तिने बसायची जागा बदलली. नेहमी ती मधुकररावांच्या खुर्चीशेजारी सतरंजीवर बसायची. आज तिने सतरंजी ओढून टीव्हीच्या बाजूला घेतली. तिथून तिला पडदा तिरपा दिसत होता, पण मधुकररावांना तिचा चेहरा समोर दिसत होता.

“तिथून काय दिसते तुले?” त्यांनी विचारलं.

“दिसते, सर. मी आज सांगून पाहतो, तुम्ही चुका काढा.”

मधुकरराव तिच्याकडे क्षणभर पाहत राहिले. मग त्यांनी हाताने ‘चालू कर’ अशी खूण केली.

सोपं नव्हतं ते. पात्रं भराभर बोलत, आणि ती एक वाक्य जुळवेपर्यंत पुढची तीन निघून जात. आधी ती ऐकलेलं इंग्रजी म्हणून दाखवी, मग मराठी. मधुकरराव तिच्या ओठांकडे बघत. “असं कसं असन?” मधेच ते म्हणत. “हॅड नंतर गो येईल काय? गॉन असन ते.” आणि बहुतेक वेळा ते गॉनच असायचं. डिसेंबरभर असंच चाललं. एखादं वाक्य निसटलं की ती तसं सांगे. मनाने काही घालत नसे. करड्या कोटातला माणूस पोलीस आहे, हेही तिने एक दिवस सांगून टाकलं.

“मंग त्याचा बाप कुठी गेला?” मंदाबाईंनी तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवून विचारलं.

मधुकररावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“नव्हताच तो,” ते म्हणाले. “माझी चूक झाली.”

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग होता. पुढच्या महिन्यात रक्षाची परीक्षा. मंदाबाईंनी तिळाचे लाडू ताटलीत काढून ठेवले होते, पण कोणी त्यांना हात लावला नाही. ईथन जायला निघाला होता. गावाबाहेरच्या माळावर पहाटेच्या उजेडात नोरा त्याला सोडायला आली होती. दोघं बराच वेळ नुसती उभी होती. मग नोरा काहीतरी बोलली, हळू, जवळजवळ श्वासातच. ईथन वळला आणि चालू लागला. पडद्यावर नावं सरकायला लागली.

रक्षा त्या नावांकडेच पाहत राहिली. मधुकरराव खुर्चीत पुढे झुकले.

“काय म्हणाली ती?”

इतक्या रविवारांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या मंदाबाई रक्षाकडे बघून हात हलवत होत्या. नको, चांगलं काहीतरी सांग, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. रक्षाने त्यांच्याकडे पाहिलं, मग मधुकररावांकडे.

“ती म्हणाली, परत येऊ नको.”

“डोन्ट, की वोन्ट?”

“डोन्ट, सर. डोन्ट कम बॅक.”

“अन् तो?”

“तो काहीच नाई बोलला.”

मधुकररावांनी मान डोलावली. रिमोट उचलून त्यांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट मांडीवरच ठेवला.

“असं काऊन म्हणन ती? रागात म्हणाली असन,” मंदाबाई पुटपुटल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्या गेल्यावर मधुकरराव बोलले. आपण अगदी हळू बोलतो आहोत, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांचा आवाज स्वयंपाकघराच्या पलीकडे जाईल एवढा मोठा होता.

“तू जागा बदलून समोर बसली ना, त्याच दिवशी समजलं मले, तुले माईत आहे ते.”

रक्षाची मान खाली गेली. लगेच तिच्या लक्षात आलं आणि तिने चेहरा वर केला.

“सर, मी तुमचा अपमान—”

“राहू दे ते. तुह्यी परीक्षा झाली की ट्यूशन बंद करतो आहे मी. त्या पोरांचं नुकसान होते.” त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. “मंगळवारी वर्ध्याले कान दाखवाले जातो. मंदाले घेऊन गेलो तर डॉक्टर काय म्हणाला ते ती मले धड सांगणार नाई. सगळं गोड करून सांगन. तू येशीन काय?”

आत कपांचा आवाज थांबला होता.

रक्षाने नुसती मान हलवली नाही. शब्दांत सांगितलं, सावकाश, ओठ नीट हलवत.

“येतो, सर. कितीची गाडी आहे?”

“आठची.”

“त्यायले सांग, रक्षा,” स्वयंपाकघरातून मंदाबाईंचा आवाज आला. तो जरा ओला होता. “म्हणा, मीबी येतो. पण मी काही बोलणार नाई. जे सांगायचं ते तूच सांगजो.”

रक्षाने ते मधुकररावांना जसंच्या तसं सांगितलं.