न दिसलेली फटाकडी

मी दुर्बीण बोलतेय. तिपाईवर उभी राहणारी, एकाच डोळ्याची. काणी म्हणा हवं तर, पण दोन डोळ्यांच्या माणसांपेक्षा मला लांबचं दिसतं.

माझा मालक वीब्रेन, डेअरीतल्या नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा त्यानं मला घेतलं. फ्रीसलंड प्रांतातल्या दलदलीच्या काठी पक्षी बघायला बांधलेली एक लाकडी खोपी आहे. तिथल्या बाकावर तो आणि त्याचा जुना मित्र डाउवे रोज दुपारी बसायचे. डाउवे पोस्टमन होता. राय धान्याचा काळा पाव वीब्रेनचा, कॉफी डाउवेची. खोपीत मोठ्यानं बोलायचं नाही आणि जे खात्रीनं दिसलं तेच खिळ्याला टांगलेल्या वहीत लिहायचं, हा तिथला रिवाज. डाउवे तर इतका काटेकोर, की नुसता आवाज ऐकू आलेला पक्षीही लिहायचा नाही.

एका ऑगस्टात डाउवे लघवीला म्हणून बाहेर गेला आणि नेमकं तेव्हाच लव्हाळ्यातून काहीतरी तपकिरी डोकावलं. वीब्रेनचा श्वास माझ्या काचेवर साचला. हाक मारली तर पक्षी बुजणार, म्हणून तो गप्प राहिला. डाउवे परत आला तोवर लव्हाळं हलायचंही थांबलं होतं.

"छोटी फटाकडी!" लव्हाळ्यात दडणाऱ्या त्या दुर्मीळ पक्ष्याचं नाव वीब्रेन कुजबुजला. "आयुष्यात पहिल्यांदा दिसली रे!"

"मी मुतायला गेलो की बरी येते तुझी फटाकडी! पाणकोंबडीचं पोर असेल, म्हाताऱ्या."

वीब्रेननं तरी वहीत लिहिलंच. डाउवेनं पेन्सिलीनं पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"माझ्या शब्दावर भरवसा नाही तुझा?"

"शब्दावर आहे रे. डोळ्यांवर नाही."

वीब्रेननं मला मिटलं, खांद्यावर टाकलं आणि कॉफी न घेताच घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. तोच पक्षी उघड्यावर आला, आईच्या मागे मागे. पाणकोंबडीचंच पोर! मी पाहिलं, त्यानंही पाहिलं. वही चार हातांवर होती, पण तो उठला नाही.

मग डाउवे सकाळी येऊ लागला आणि हा दुपारी. अशी सहा वर्षं गेली. बाकाचं डावं टोक, डाउवेचं, वीब्रेन रिकामंच ठेवायचा. पाव मात्र सवयीनं दोघांचा आणायचा आणि अर्धा परत न्यायचा. एवढं एकटं मला दुकानाच्या कपाटातही वाटलं नव्हतं.

यंदाच्या हिवाळ्यात डाउवे गेला. दफनाच्या दुसऱ्या दिवशी वीब्रेन खोपीत आला आणि भरल्यावर फळीवर ठेवलेली ती जुनी वही काढली, आपली ओळ खोडायला. पान सापडलं. प्रश्नचिन्ह रबरानं पुसलेलं होतं. खाली गेल्या ऑक्टोबरातली तारीख आणि डाउवेच्या थरथरत्या अक्षरात दोनच शब्द होते: "मीही पाहिली."

ऑक्टोबरापर्यंत फटाकड्या दक्षिणेला निघून गेलेल्या असतात. न पाहिलेला पक्षी त्या माणसानं जन्मात एकदाच लिहिला.

वीब्रेननं पेन्सिल उचलली आणि तशीच ठेवली. आता स्वतःची ओळ खोडावी, तर डाउवे खोटा पडत होता.

"मूर्खा," तो म्हणाला, "मी तुला हाक मारायला हवी होती रे!" खोपीत चालणार नाही इतक्या मोठ्यानं म्हणाला. पाण्यावरची बदकं भुर्रकन उडाली.

त्यानंतर तो आलेला नाही. मला बाकाच्या डाव्या टोकाशी ठेवून गेलाय, कुणीही बघावं म्हणून. माझी काच धुरकट झालीय, कुणी क्वचितच बसतं. तुम्ही आलात तर जरूर बघा. पण तुमच्याबरोबरचं माणूस जरा बाहेर गेलं असेल, तर आधी हाक मारा. पक्षी बुजला तर बुजला.