हिरव्या थेंबापाशी कोण राहतं

"पोरी, माझं पाणी लिहिणार असशील तर आधी मला लिही," ओमा एल्फ्रीदाने, म्हणजे सगळ्यांच्या एल्फ्रीदा आजीने, इमगार्डला बजावलं होतं. "ते काही आपोआप वर येत नाही. मी पंप चालवते तेव्हा येतं. नुसतं पाणी लिहिलंस, तर लोकांना नुसतं पाणीच दिसेल."

इमगार्डने ते हसण्यावारी नेलं होतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सेनोबिया पोटात होती, उन्हाने डोकं भणभणत होतं आणि अजून चाळीस किलोमीटर खडीचा रस्ता तपासायचा राहिला होता. "ओमा, हे पुस्तक गाडीवाल्यांसाठी आहे. त्यांना वळण कुठे, वाळू कुठे, पाणी कुठे, एवढंच हवं असतं. माणसांची नावं घालत बसले तर चर्चची हजेरीवही होईल त्याची."

"मग होऊ दे की. निदान कोण हजर आहे ते तरी कळेल," म्हातारी म्हणाली होती.

वाळवंटातल्या उद्यानांचं आणि आडरस्त्यांचं ते पुस्तक इमगार्ड दर दोन वर्षांनी ताजं करायची. विन्डहुकचा प्रकाशक ते छापायचा. उगाब नदीच्या कोरड्या पात्रालगत, ओमाच्या घरापाशी, तिने नकाशावर एक हिरवा थेंब काढला. हिरवा थेंब म्हणजे खात्रीचं पाणी. खाली एक ओळ टाकली : रस्त्यालगत टाकी, नळ, पाणी पिण्याजोगं. आधी घराशी जायचं, रात्र कशी गेली ते विचारायचं आणि मगच पाण्याला हात लावायचा, हे तिने लिहिलं नाही. ते लिहावं लागतं, असं तिच्या डोक्यातच आलं नाही. उइससारख्या वाळवंटातल्या गावात लहानाच्या मोठ्या झालेल्या कुणाच्याच आलं नसतं.

आता नवी आवृत्ती पुढच्या आठवड्यात छपाईला जायची होती. सकाळी सेनोबियाला लापशी भरवता भरवता तिने फोन उघडला, तर एका वाचकाचा मेल आलेला. काल आम्ही तुमच्या हिरव्या थेंबापाशी पोचलो. टाकी कोरडी होती. मागे घर आहे, पण तिथे कुणी दिसलं नाही. कृपया दुरुस्ती करावी.

चमचा तिच्या हातातच राहिला. कुणी दिसलं नाही? ओमा कधी कुठे जाते?

"नळ बिघडला असेल," खाणीतल्या पाळीला निघालेला तिचा नवरा हिस्कीया बूट चढवत म्हणाला. "तू ना, सावलीलाही साप म्हणतेस."

"नळ बिघडला तर ती रस्त्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालेल. ती दिसणार नाही असं होईलच कसं?"

ती निघणारच, हे हिस्कीयाने ओळखलं. "पोरीला ठेवून जा," तो म्हणाला.

"कुणापाशी? तू चाललास खाणीत, आई गेलीय ओमारुरूला." तिने बक्कीच्या, म्हणजे त्यांच्या पिकअपच्या, हौद्यात पाण्याचे तीन कॅन चढवले, दोन जादा चाकं आहेत ना ते पुन्हा हात लावून पाहिलं आणि शेजारच्या फ्रीदोलीनला सांगितलं, "चारपर्यंत परत आले नाही तर हिस्कीयाला खाणीतून बाहेर काढ." मग लेकीला मागच्या खुर्चीत बांधलं. पट्टा तीनदा ओढून पाहिला.

खडीवर बक्की थडथडत होती. तिने उतरून चाकांतली हवा कमी केली आणि पुन्हा निघाली. दर दहा मिनिटांनी आरशात पाहायची : सेनोबिया झोपली आहे ना? श्वास घेते आहे ना? आणि प्रत्येक वेळी, आरशातून नजर काढताना, तोच विचार यायचा. तो थेंब मीच काढला.

फाटक उघडं होतं. चुलीला धूर नव्हता. रस्त्यालगतच्या टाकीखाली जमीन भेगाळली होती. टाकीमागे ओमाने हत्तींसाठी एक बसका हौद बांधलेला. त्यांनी तिथे प्यावं आणि घराला हात लावू नये, एवढाच तिचा हत्तींशी करार. त्या हौदातलं पाणी पांढरट झालं होतं आणि काठावर साबणाचा फेस वाळून पापुद्रा धरला होता. हत्तींच्या पावलांचे ठसे हौदापर्यंत आले होते, तिथून वळून थेट पंपापर्यंत गेले होते. पंपाचा पाइप मधोमध उपटलेला.

लेकीला तापत्या गाडीत ठेवणं शक्य नव्हतं. इमगार्डने तिला ब्लँकेटने पाठीशी बांधलं आणि घराकडे निघाली. गोठ्यात शेळ्या कोंडलेल्याच होत्या.

"ओमा?"

काही नाही.  पुढे जायचं म्हणजे ते दार ढकलायचं. तेवढ्यात पाठीवर सेनोबियाने भोकाड पसरलं.

"अगं, त्या लेकराला आधी सावलीत आण!" आतून खरखरीत आवाज आला. "कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

इमगार्ड रडायलाच लागली. हसायलाही. ओमा चटईवर पडली होती. घोटा टरारून सुजलेला, जवळच्या बादलीच्या तळाशी बोटभर पाणी. गेले तीन दिवस ती सरपटत गोठ्यापर्यंत जायची, शेळी पिळायची आणि दुधावर राहायची.

"कुणीतरी गाडीवाल्यांनी हौदात कपडे धुतले गं," ओमा म्हणाली. "हत्तींना तो वास सहन होईना. त्यांनी पाइपच ओढला. मी तो बांधायला गेले आणि पाय मुरगळला. काल एक गाडी आली. मी ओरडले. पण त्यांनी इंजिन बंदच केलं नाही."

"माझ्यामुळे झालं हे, ओमा."

"तुझ्यामुळेच," म्हातारी म्हणाली. "आता पाणी दे. आणि माझी नात दे इकडे."

टेकडीवर फोन लागला. दुपारी हिस्कीया खाणीतल्या दोघांना आणि नवा पाइप घेऊन आला. ओमाला बक्कीत घालायचं ठरलं, तेव्हा शेळ्यांकडे कोण पाहणार म्हणून तिने अर्धा तास वाद घातला. शेवटी हिस्कीयाच राहिला, तेव्हा ती गाडीत चढली. उइसच्या दवाखान्यात नर्स म्हणाली, हाड शाबूत आहे.

आठवड्याने ओमा परतली. पंप चालू होता. हौद घासून नव्याने भरलेला होता, आणि काठाशी हत्तींचे ताजे ठसे होते. सेनोबिया एका शेळीची शेपटी धरून उभी होती. शेपटी हातातून सुटली आणि तिने पहिल्यांदाच कशालाही न धरता चार पावलं टाकली, तीही त्या शेळीमागे. इमगार्डने मांडीवर नकाशा पसरला.

"हा थेंब पुसून टाकते, ओमा. कुणी येणारच नाही."

"पुसलास तर माझ्याकडे फिरकेल कोण?" ओमा चिडली. "हत्ती? मी काय लपवून ठेवायचं पाणी आहे? माणसं यावीत. फक्त माणसांसारखी यावीत. दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेच लिही."

प्रकाशकाने त्या जागी एकच ओळ ठेवली होती. इमगार्डने तिथे बसून सगळा समास भरला, आणि त्याने कापला तर त्याच्या घरी जाऊन बसेन असं कळवलं. नव्या आवृत्तीत ते असं छापून आलं :

इथे ओमा एल्फ्रीदा राहते. पाणी तिचं आहे. टाकीमागचा हौद हत्तींचा आहे, त्यात हातसुद्धा बुडवू नका. फाटकापाशी गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि घरापर्यंत चालत जा. रात्र कशी गेली ते विचारा. ती तुम्हाला टोमणे मारेल, ते ऐकून घ्या. मग पाणी घ्या. हाकेला ओ आली नाही तर तसेच निघून जाऊ नका. दार ढकला, आत पाहा. ती कशी आहे, ते शेवटच्या पानावरच्या नंबरावर मला कळवा. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर एवढं माझ्यासाठी नक्की करा.