मोहर्लीच्या शिबिराची तारीख

चांद्याच्या बाजारात फोटोचा धंदा करणाऱ्या घनश्यामने आयुष्यभर नवरा-नवरींना खुर्चीत बसवून "हलू नका" म्हटलं होतं. जीव मात्र त्याचा डोंगर-तलावांत अडकलेला. म्हणून १९५७ साली नागपूरच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाने निसर्गचित्रणाचं शिबिर कुठे घ्यावं असं पत्राने विचारलं, तेव्हा याने छाती ठोकून मोहर्ली सुचवली. उत्तर आलं, "यंदा तुमच्याकडे येऊन पाहतो. जमलं नाही तर यापुढे दरवर्षी पचमढीच."

तयारीत त्याने कसर ठेवली नाही. थंडीत येऊन पलीकडच्या डोंगराचं प्रतिबिंब तलावाच्या पाण्यात कसं उतरतं ते पाहिलं, उतरायला बंगला ठरवला, वाघाची आणि डासांची सारख्याच काळजीने चौकशी केली, आणि गुढीपाडव्यानंतरचे चार दिवस पक्के केले. बंगल्याजवळ राहणारी म्हातारी सुकरीबाई तेवढी म्हणाली होती, "त्या टायमाले नका येऊ भाऊ, मोहाचे दिवस राह्यतेत." घनश्यामला वाटलं, सगळं गाव मोहाची फुलं वेचायला जाणार, सामान उचलायला माणूस मिळणार नाही, एवढंच ती सांगते आहे. त्याने चांद्याहूनच दोन हमाल न्यायचे ठरवले आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाला.

शिबिराच्या आदल्या दुपारी तो मोहर्लीत उतरला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डोंगर जागेवरच नव्हता! तलावावर पांढुरका धूर पसरला होता, पलीकडचा काठसुद्धा दिसेना. जिकडे तिकडे मोहाच्या झाडाखाली लोकांनी पालापाचोळा पेटवला होता.

"बाई, हे काऊन करून राह्यले सगळे?"

"मंग? पाल्यात पडलेलं फूल दिसंल का तुमाले?" सुकरीबाई ओल्या फांदीने जाळ थोपवत म्हणाली. "मी तं सांगतलं होतं."

"दोन दिवस थांबवा ना. उद्या साहेबलोक येऊन राह्यले!"

"साहेबासाठी मोह थांबते का? पहिलं फूल देवाले वाह्यलं, का मंग गावात कोणी आग नाई लावत. फूल करपते ना."

"आन् ते कधी पडंल?"

"मले काय पुसता? झाडाले पुसा."

घनश्यामला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. आता पत्र पोचणार नव्हतं, गावात तारघर नव्हतं, मंडळी सकाळच्या मोटारीने निघणारच होती. जन्मात एकदा मनासारखं काही करायला निघालो आणि धुरात गेलं, असं त्याला झालं. उरलेली संध्याकाळ त्याने झाडाकडे मान वर करून घालवली. मान तेवढी आखडली.

पहाटे उग्र, गोड वासाने त्याला जाग आली. बाहेर टप टप आवाज येत होता. सुकरीबाई पानावर पाच फुलं घेऊन देवाच्या दगडाकडे निघालीच होती. "पडलं भाऊ!" ती ओरडली. घनश्याम अनवाणी तिच्यामागे धावला. स्वतःच्या लग्नातही त्याने इतक्या मनापासून हात जोडले नव्हते.

निखारे विझायला आणि वाऱ्याने धूर न्यायला वेळ लागला, पण मोटारही आपल्या शिरस्त्याप्रमाणे दोन तास उशिरा आली. मंडळाचे प्रमुख दाणीसाहेब उतरले, तेव्हा डोंगर पाण्यात उतरला होता आणि काठावरच्या काळ्या, साफ जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा पडला होता. साहेबांनी कॅमेरा तिवईवर चढवला, काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही. घनश्यामच्या छातीवरचा धोंडा तेव्हा कुठे उतरला. तो तिथेच मातीत बसला आणि एकटाच हसू लागला.

"पचमढी राहू द्या," साहेब बाहेर येत म्हणाले. "काय नेमकी तारीख निवडलीत हो! पुढल्या वर्षीची आत्ताच लिहून द्या."

घनश्यामने सुकरीबाईकडे पाहिलं. ती खाली वाकून टोपली भरत होती.

"आत्ता नाही देता येत साहेब," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी या बाईंना विचारीन आणि मगच तुम्हाला तार करीन."